पन्हाळ्याच्या मावशींना, जाहीर आभार

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनवर काही वाचत बसत नाही, ते मला ठाऊक आहे. तुमचा भाचा वाचून दाखवेल या भरवशावर लिहिते आहे. नाव विचारलं तेव्हा "नाव कशाला, मावशी म्हना की" म्हणालात, म्हणून इथेही तेवढंच.

आमच्या गाडीवाल्याच्या हिशेबात पन्हाळा म्हणजे दोन तास, चार ठिकाणं, की लगेच जोतिबा. आईच्या गुडघ्यांना हा हिशेब मानवणारा नव्हता. तीन दरवाजापाशी ती कठड्यावर टेकली आणि "तुम्ही बघून या, मी आहे इथेच" म्हणाली. हे ती हल्ली सगळीकडे म्हणते, आणि आम्हीही ऐकतो. तुम्ही मात्र दह्याचे सुटे पैसे देता देता ते ऐकलंत, मडकी जावेच्या हवाली केलीत आणि म्हणालात, "आज्जीला मी घिऊन येतो. तुमी म्होरं व्हा."

अंधार बाव आईने बघितली ती तुमच्यामुळे. तीन मजल्यांची विहीर, अगदी तळाला पाणी, मधल्या मजल्यावर तटाबाहेर निघणारी चोरवाट. शत्रूने वेढा घातला तरी पाणी आतच, आणि वेळ आलीच तर पळायची सोयही तिथेच. त्या अंधाऱ्या पायऱ्या उतरणं आईला शक्यच नव्हतं. तुम्ही तिला वरच्या मजल्यावर गारव्याला बसवलंत आणि खालचं सगळं सांगितलंत. मी उतरून वर आले तर खाली काय आहे ते आईच मला सांगायला लागली. आणि माझ्यापेक्षा चांगलं!

अंबरखान्यात तर आम्ही किती वेळ होतो कोण जाणे. गंगा, यमुना, सरस्वती ही कोठारांची नावं मी पाटीवर वाचली होती. गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावायचं, हेही. पण आकडा वाचून काय कळतं? तुम्ही आईचा हात धरून तिला मधोमध उभं केलंत आणि वर बघायला लावलंत. छताला भोक, त्यातून उन्हाचा कवडसा खाली फरशीवर. "ह्यातनं वतायचं धान्य. वर जिना हाय बाहेरनं." पाठीवर पोती घेऊन तो जिना चढणारी माणसं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे आली. 1660 साली सिद्दी जौहरने मार्चपासून जुलैपर्यंत गड आवळून धरला होता. त्या महिन्यांत आतल्या माणसांनी खाल्लं काय, हा प्रश्न मला शाळेत कधी पडला नाही. तुम्हाला तो पहिला पडला, कारण गडावर चूल पेटवणाऱ्यातल्या तुम्ही आहात.

मग शिवा काशिदांची गोष्ट. महाराजांचा वेश करून दुसऱ्या पालखीत बसले आणि मरण पत्करलं, इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही तटावरून खाली बोट दाखवलंत, "त्ये नेबापूर. माजं म्हायार." शिवा काशिद त्याच गावचे. पुढे ज्या आवाजात सांगितलंत तो घरातल्या माणसाबद्दल बोलतानाचा होता. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटोसाठी रांग होती. मला वाटतं, त्यातल्या निम्म्या लोकांना नेबापूर वरून दिसतं, हे माहीतही नसेल.

सोमेश्वराला हात जोडलेत, तसेच सादोबाच्या दर्ग्यापुढेही. थांबून, पदर डोक्यावर घेऊन. मग आईला म्हणालात, "दोगं बी आमचंच." बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार भोजाने बांधायला घेतलेला हा गड पुढे बहमनी, आदिलशाही, मराठे अशा सगळ्यांनी वापरला, वाढवला. चार दरवाजा 1844 च्या बंडानंतर इंग्रजांनी पाडला. इतक्यांची ये-जा झाली, पण वस्ती काही उठली नाही. रायगडावर गेलं की रिकामे चौथरे बघत फिरायचं. पन्हाळ्यावर कुणाच्या तरी दारात वाळवण असतं आणि शाळेची पोरं बुरुजावरून हाका मारतात.

म्हणूनच तुमचा एक प्रश्न अजून डोक्यात आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे, असं मी मोठ्या कौतुकाने सांगितलं. तुम्ही विचारलंत, "आमी हितं ऱ्हातोय, त्ये बी लिवलंय का त्यात?" मावशी, मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. यादीत नाव लागलं याचा आनंद मला आहेच. पण नियम करताना तुमच्यासारख्यांना विचारलं नाही, तर ते नियम कोरड्या दगडांचे होतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

आईसाठी सगळ्यात मोठी भेट वेगळीच. ती मराठीची शिक्षिका, उभा जन्म पोरांकडून मोरोपंतांच्या आर्या घोकून घेतल्या. पंत बारामतीचे असंच ती धरून चालली होती. जन्म पन्हाळ्याचा, 1729 चा, हे तुमच्या तोंडून कळल्यावर ती गुडघे विसरली. त्यांच्या नावाच्या ग्रंथालयापर्यंत तुम्ही तिला चालवत नेलंत, मध्ये दोनदा पायरीवर बसवत. वाटेत तिने आर्या म्हटल्या आणि तुम्ही "पुन्यांदा म्हना" म्हणालात. निवृत्तीनंतर तिला असा विद्यार्थी मिळाला नव्हता.

पैसे पुढे केले तर रागावलात, वर दह्याचं एक मडकं आमच्याच हातात दिलंत. गाडीवाला तेवढा फुगून बसला होता. तुमचं दही खाल्लं आणि नरमला. जोतिबाला आम्ही अंधार पडता पडता पोचलो.

आईने तुमच्यासाठी मेतकूट आणि स्वतः विणलेली लोकरीची शाल पाठवली आहे. गडावरचा गारठा तिने लक्षात ठेवला. हे पैसे नव्हेत, तेव्हा परत पाठवायचं नाही. थंडीत ती पुन्हा यायचं म्हणते आहे. या खेपेला गाडीवाला दुसरा बघू आणि मुक्कामालाच येऊ. सज्जा कोठी राहिलीय, ती तुम्हीच दाखवायची.

आपली,
आज्जीची थोरली लेक
डोंबिवली