१% डीव्हीबीचं म्हणून पाठवलेलं रेझिन नीट फुगत नाही, बॅच बदलून द्या

नमस्कार,

मी पुण्यातल्या एका कॉलेजात छोटी पेप्टाइड लॅब चालवते. सहा वर्षं आम्ही रिंक अमाइड रेझिन, म्हणजे ज्या बारीक मण्यांवर अमिनो अ‍ॅसिड एकेक जोडत पेप्टाइडची साखळी बांधतात ते, तुमच्याकडूनच घेतोय आणि आजपर्यंत एकदाही तक्रार केलेली नाही, त्यामुळे हे पत्र रागाच्या भरात लिहिलेलं नाही एवढं आधी लक्षात घ्या. या वेळी आलेल्या २५ ग्रॅमच्या बाटलीवर पॉलिस्टायरीन, १% डीव्हीबी (पॉलिस्टायरीनच्या साखळ्या एकमेकींना बांधणारं डायव्हिनाइलबेन्झीन), १००-२०० मेश (मण्यांचा आकार), लोडिंग ०.६ (ग्रॅममागे अमिनो अ‍ॅसिड जोडायच्या जागा, मिलिमोलमध्ये) असं सगळं नेहमीसारखंच छापलंय, पण आतला माल नेहमीचा नाही.

माझी विद्यार्थिनी यावर १४ अमिनो अ‍ॅसिडचं पेप्टाइड बनवत होती. पहिली चार-पाच कपलिंग (एकेक अमिनो अ‍ॅसिड जोडणं) नीट झाली, मग कैसर टेस्टला मणी निळे राहायला लागले, म्हणजे काही साखळ्यांना पुढचं अमिनो अ‍ॅसिड जोडलंच जात नव्हतं, म्हणून तिने डबल कपलिंग केलं, वेळ वाढवला, नवीन रिएजंट उघडलं, तरी काही मणी निळेच. शेवटी पेप्टाइड रेझिनवरून सोडवून (क्लीव्ह करून) मास, म्हणजे रेणूंची वजनं, काढलं तर हवा तो पीक एवढासा आणि त्याच्या शेजारी ९९ ने कमी आणि ११३ ने कमी असे दोन मोठे पीक, म्हणजे व्हॅलिन आणि आयसोल्युसिन अर्ध्या साखळ्यांवर बसलेच नाहीत. तीन आठवडे गेले, आणि पोरीला वाटत राहिलं की आपलाच हात चुकतोय. मला सगळ्यात जास्त त्याचं वाईट वाटलं.

तुमच्या सपोर्टला फोन केला तर उत्तर आलं की सॉल्व्हंट खराब असेल, बदलून बघा. बदलून नाही, मी मोजूनच बघितलं. मागच्या वर्षीच्या बाटलीतलं तळाला उरलेलं रेझिन होतं, ते १ ग्रॅम आणि नवीन १ ग्रॅम, दोन सारख्या मेजरिंग सिलिंडरमध्ये घेतलं आणि दोन्हीत एकाच नव्या बाटलीतलं डीसीएम (डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट) ओतलं. डीसीएम पॉलिस्टायरीनपेक्षा जड असल्याने मणी वर तरंगतात, तो तरंगता थर वाचला. जुन्याचा थर ७ मिलीपर्यंत गेला, नवीन साडेतीनवर थांबलं. हळू फुगत असेल म्हणून रात्रभर बूच लावून ठेवलं, सकाळी पुन्हा वाचलं तर साडेतीनच. डीएमएफ या दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये जुनं साधारण ५, नवीन पावणेतीन. एकच बाटली, एकच दिवस, एकच खोली, आता यात सॉल्व्हंटचा दोष कुठून आला ते मला सांगा.

मायक्रोस्कोपखाली पण बघितलं. जुन्या बॅचमधला १२० मायक्रॉनचा एक मणी डीसीएमचा थेंब लागताच डोळ्यांदेखत वाढत जवळपास २०० ला गेला आणि काचेसारखा आरपार दिसायला लागला, नव्यातला तेवढाच मणी १५५ च्या आसपास अडकला.

फोनवरच्या मुलाने असंही सांगितलं की डीव्हीबी १ टक्का की २ टक्के याने काही फरक पडत नाही. फार फरक पडतो हो. थर्माकोलचा तुकडा टोल्युइनमध्ये टाकला की विरघळून जातो कारण पॉलिस्टायरीनच्या साखळ्या सुट्या असतात, सॉल्व्हंट त्यांना एकमेकींपासून ओढून नेतो. डीव्हीबी घातलं की त्या साखळ्यांना मधे मधे गाठी बसतात, मग विरघळता येत नाही, गाठी जेवढं ताणू देतील तेवढंच फुगता येतं, आणि गाठी वाढल्या की ताणायला जागाच उरत नाही. मेथनॉल किंवा पाण्यात तर गाठी कितीही कमी असल्या तरी फुगत नाही कारण ते सॉल्व्हंट पॉलिस्टायरीनला मानवतच नाहीत. मेरिफील्ड या केमिस्टने १९६३ मध्ये रेझिनवर पेप्टाइड बांधायची ही पद्धत मांडली तेव्हा २% वालंच वापरलं होतं हे खरं, पण नंतर सगळे १% वर आले ते उगाच नाही. रिअ‍ॅक्शनच्या जागांपैकी जवळपास ९९% जागा मण्याच्या पोटात असतात, वरच्या सालीवर नाही. मणी फुगलाच नाही तर अमिनो अ‍ॅसिड आत शिरणार कसं? साबुदाणा नीट भिजला नाही की बोटांत दाबल्यावर मधे कणी लागते ना, तसंच झालंय हे, बाहेरून भिजलेलं दिसतं आणि आत कोरडंच.

तुम्ही सीओए (बॅचच्या तपासणीचं प्रमाणपत्र) पाठवलंत, त्यात लोडिंग ०.६ आहे आणि मी एफमॉक (जोडायच्या जागेवरचं तात्पुरतं झाकण) पिपरिडीनने काढून ३०१ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलं तर ०.५८ आलं, म्हणजे लोडिंग बरोबर आहे हे मी स्वतःच मान्य करते. पण नेमकं तेच फसवं आहे. त्या टेस्टमध्ये आत जायचं असतं पिपरिडीनला, तो छोटासा रेणू, अर्धा तास दिला की घट्ट मण्यातही पोचतो. पुढे साखळी वाढत जाते, आतली जागा भरत जाते, आणि तेव्हा अ‍ॅक्टिव्हेट केलेलं मोठं अमिनो अ‍ॅसिड दारातच अडकतं. म्हणून लोडिंगच्या आकड्यावर माल पास करणं पुरेसं नाही. डीव्हीबी नेमकं किती टक्के पडलंय ते मी इथे बसून सांगू शकत नाही, ते तुमचं प्लांट रेकॉर्ड सांगेल, पण हे १% सारखं वागत नाही एवढं नक्की.

आम्हाला बाटली बदलून हवी आहे आणि ती याच बॅचची नको. नव्या बाटलीसोबत डीसीएम आणि डीएमएफ दोन्हीमधला स्वेलिंगचा आकडा, ग्रॅममागे किती मिली, त्या बॅचसाठी प्रत्यक्ष मोजलेला, सीओएवर लिहून द्या. सिलिंडर आणि एक तास, एवढंच लागतं त्याला. साडेअठरा हजार रुपये आमच्या ग्रँटमधून गेलेत, ऑडिटला उत्तर मला द्यायचंय, त्यामुळे क्रेडिट नोट चालणार नाही. आणि कृपा करून ही बॅच आणखी कोणाकोणाला गेली ते बघा आणि त्यांना कळवा. कुठल्यातरी लॅबमध्ये आत्ता या क्षणी एखादा पोरगा रात्री उशिरापर्यंत तिसऱ्यांदा कपलिंग करत बसला असेल.

दोन्ही सिलिंडरचे शेजारी शेजारी ठेवून काढलेले फोटो, मायक्रोस्कोपचे फोटो आणि मास सोबत जोडलंय. उरलेलं १७ ग्रॅम रेझिन बाटली सील करून फ्रीजमध्ये ठेवलंय, न्यायला माणूस कधी पाठवताय ते या आठवड्यात कळवा.

आपली ग्राहक,
पेप्टाइड लॅब, पुणे