लग्न सांगलीत, वऱ्हाड नागपूरचं, नवरी आइंडहोवनला

प्रिय ठमाबाई,

मेसेजवर लिहायला गेलं की तू दोन अंगठे पाठवतेस आणि विषय संपतो, म्हणून हे लांबलचक लिहितेय, रात्री पोरगं झोपल्यावर निवांत वाच. पडला का त्याचा दात शेवटी? आणि गॅदरिंगचं काम यंदा पण तुझ्याच गळ्यात घातलंय का शाळेनं? नाही म्हणायला शीक की गं जरा.

माझं ठीक चाललंय. ऑफिसात डेडलाईन, सायकलची चेन रोज पडते, पाऊस सारखा चालू आणि संध्याकाळ पडायच्या आधीच अंधार. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार झाला म्हणजे इकडची घड्याळं एक तास मागे गेली, त्यामुळे तुमच्यातला आणि आमच्यातला फरक साडेतीनचा साडेचार तास झालाय. हे लग्नाच्या दृष्टीनं फार वाईट आहे. मी ऑफिसातून सुटते तेव्हा आईकडे रात्रीचे दहा, ती पेंगत असते, तेव्हा स्टेजमागच्या पडद्याचा रंग विचारला की म्हणते तुला आवडेल तो कर, आणि सकाळी सातला, म्हणजे इथे ऐन मध्यरात्री, तिचा ऑडिओ येऊन पडतो की तो राखाडी काय रंग, सुतकातला वाटतोय.

तुला पिंटरेस्टवरच्या बोर्डची लिंक पाठवलेली ना, तू उघडली नाहीस माहितेय मला. सुरुवातीला मी फक्त खोपा आणि नथ शोधत होते. मग एकदा त्या पॅम्पास गवताचा फोटो सेव्ह केला, तेव्हापासून त्याला वाटतंय माझं लग्न उदयपूरला तळ्याकाठी आहे. सगळं फिकं गुलाबी. 2017 ला अनुष्का-विराटनं इटलीत लग्न केलं, ती फिक्या गुलाबी लेहेंग्यात, तेव्हापासून अख्ख्या देशाला फिकं व्हायचंय असं माझं मत आहे. बाबांना गवताचा फोटो दाखवला तर म्हणाले, हे आपण म्हशीला घालतो. मग मी म्हटलं मिरजेचे तंबोरे ठेवू दोन स्टेजच्या बाजूला, गावचीच कला आहे, आता जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालंय त्याला. त्यावर म्हणाले तंबोरा काय कुंडी आहे का शोभेला ठेवायला, वाजवणारा आणणार असशील तर सांग. थर्माकोलची नावं तर 2018 च्या बंदीपासून गेलीच. सध्या झेंडूवर गाडी थांबलीये.

पण खरं सांगू, त्या फोटोंमध्ये माणसंच नसतात गं. खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरलेली नाही, स्टेजमागे कुणाचं पोर झोपलेलं नाही, पिशव्या नाहीत. आणि आपला मामा, त्याला म्हटलं हॉलचे फोटो पाठव, तर प्रत्येक फोटोत हाच पुढे उभा, अंगठा वर करून. हॉल दिसतच नाही! मधे खांब आहे का नाही तेवढं पण मला कळेना. तर तू एकदा दुपारी बाराच्या पुढे जाऊन ये, मुहूर्त त्याच सुमाराला आहे म्हणून. शेवटच्या रांगेत उभी राहून व्हिडिओ काढ, मामाला बरोबर नेऊ नकोस. गौरीहराची खोली कुठंय, बायकांच्या बाथरूमला कडी लागते का, स्वयंपाकघरापासून पंगत किती लांब, आणि लाईट गेली तर जनरेटर किती वेळात चालू होतो हे मॅनेजरला नाही, तिथल्या वॉचमनला विचार.

हळदीचं मात्र मी कुणाचं ऐकणार नाहीये. रीलमध्ये हळद म्हणजे पिवळे गॉगल, झेंडू भरलेला टब आणि ड्रोन. आपण सांगलीचे, आपल्या हळदीला जीआय, मार्केट यार्डात वासानं ओळखावं असं गाव, आणि मी हळदीचा ‘सेटअप’ भाड्यानं आणू? सवाष्णी मुसळांना आंब्याची पानं बांधून हळकुंडं कुटतील, आत्या गाणी म्हणेल, बास. आत्याला दुसरं कडवं आठवत नाही, पहिलंच परत परत म्हणते, ते पण चालेल.

नागपूरकरांची वेगळीच गंमत. सासूबाई फोनवर गोड विचारतात, ‘तयारी होऊन राहिली का?’ आणि आई मला नंतर विचारते, त्या चिडल्यात का! वऱ्हाड महाराष्ट्र एक्स्प्रेसनं येणार, जवळजवळ पूर्ण एक दिवसाचा प्रवास, आणि रिझर्वेशन आता 60 दिवस आधीच उघडतं, पूर्वी 120 होतं. एका तिकिटावर सहाच माणसं. म्हणजे डिसेंबरात एका सकाळी नागपुरातले सगळे चुलतभाऊ आपापला मोबाईल घेऊन बसणार आहेत. ह्याला म्हटलं, आपल्याला सप्तपदीपेक्षा त्या दिवसाचं टेन्शन जास्त आहे. जेवणात त्यांना पाटवडी हवी, बाबांना जिलेबी-मठ्ठा मसालेभात सोडून काही सुचत नाही. दोन्ही करा म्हटलं, भांडू नका.

आमच्या ऑफिसातल्या डच बाईला मी पाहुण्यांचा आकडा सांगितला तर ती काही वेळ बोललीच नाही. इकडे काय असतं, दिवसभराचे पाहुणे वेगळे आणि फक्त संध्याकाळच्या पार्टीचे वेगळे, आमंत्रणावरच तसं लिहितात. आईला हे सांगितलं. आधी म्हणाली शी, असं कसं एखाद्याला सांगायचं, आणि थोड्या वेळानं म्हणाली, तुझ्या त्या धाकट्या काकूंना संध्याकाळचं देता आलं असतं.

पत्रिका मला डिजिटलच करायची होती, पण बाबा म्हणाले लग्न नोंदवायला फॉर्मबरोबर छापील पत्रिका जोडायला मागतात, शिवाय तीन साक्षीदार आणि भटजींची सही. सर्टिफिकेट लगेच लागणार कारण ते आधी राज्याकडून अटेस्ट आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून अपॉस्टिल (म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का) करून घ्यायचं, त्याशिवाय ह्याच्या व्हिसाचं काम पुढे सरकत नाही. म्हणून पत्रिकेत चि. सौ. कां. वगैरे जे काय लिहायचं ते लिहा, पण नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहा असं मी सगळ्यांना बजावलंय. साक्षीदारात तुझं नाव दिलंय. विचारलं नाही, सांगतेय.

आता मुख्य काम. आई पैठणी बघायला जाणारे, आणि मागच्या वेळेसारखं व्हिडिओ कॉलवर मला निवडायला लावणार. ते मला नको आहे गं. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली राणी रंग लाल दिसतो, लाल चॉकलेटी दिसतो, आणि तिकडे आई पदर पसरून उभी, इकडे मी बसमध्ये कानात हेडफोन घालून ‘जरा डावीकडे’ म्हणतेय, शेजारचा माणूस बघतोय. स्वतःच्या लग्नाला मी गिऱ्हाईक झाल्यासारखं वाटतं, तीन पर्याय येतात, मी एकावर बोट ठेवते. गादीवर बसून चहा घेत पन्नास साड्या उलगडायला लावायच्या आणि एकही न घेता उठायचं, ते मला हवं होतं. तर माझ्या वतीनं तू जा. साडी दारापर्यंत उजेडात नेऊन बघ, पदरावर बांगडी मोर हवेत, काठ नारळी, रंग तुझ्या डोळ्यांना पटला की झालं, मला फोटो नकोच पाठवू. लग्नाच्या दिवशीच बघेन. आई ऐकणार नाही, तिला म्हण मीच सांगितलंय.

पिवळी अष्टपुत्री मामाकडून येणारे, त्यात आपल्याला बोलायला जागा नाही.

आणि हो, तुझ्या स्कूटीची बॅटरी बदल आधी, डिसेंबरात सकाळी ती चालू होणार नाही आणि मग तू आईला मागे बसवून ढकलत बसशील. ब्लाउजची मापं उद्या वेगळी पाठवते, शिंप्याला सांग एक इंच शिलाई आत ठेव, इथलं चीज सोडायला जमेल असं वाटत नाही.

तुझीच,
बंडी