सूचना: रविवारी इयरप्लग (कानात घालायचे) आणि इयरमफ (अख्खा कान झाकणारे) घालून बघायला या

कुपवाड एमआयडीसीत प्रेस आणि ग्राइंडिंगवर असणाऱ्या सर्व सभासदांनो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या हॉलमध्ये जमायचं आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास म्हणजे कानाला धोका, आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

- हात धुऊन या. फोमचा प्लग वळून बारीक करायचा, कान वर-मागे ओढून आत सरकवायचा, फुगेपर्यंत २०-३० सेकंद धरायचा. दुखत असेल तर लहान माप घालून बघा. प्लग खिशात ठेवून काम करू नका.
- चष्मेवाल्यांनी चष्मा घालूनच या. काडीमुळे मफला फट राहते.
- कापसाचे बोळे चालणार नाहीत.

नावं शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका.