तीन कोटेशने, पण कशाची?

महोदय,

सप्टेंबरात आमच्या नेरुळमध्ये सोसायट्यांच्या वार्षिक सभा सुरू झाल्या की पंप, पाइप, जनरेटर बदलण्याचे विषय निघतात. रीत ठरलेली : प्रत्येक वस्तूची वेगळी तीन कोटेशने आणि त्यातले सर्वांत स्वस्त मंजूर. रबाळे एमआयडीसीत माझी नोकरी यंत्रांच्या डिझाइनमध्येच गेली, त्यामुळे हे पाहून गप्प बसवत नाही. या वस्तू सुट्या निवडायच्या नसतातच.

टाकीकडे जाणाऱ्या पाइपचेच घ्या. प्लंबर दोन इंची सुचवतो, कारण तो स्वस्त. अडीच इंची घेतला तर तेवढेच पाणी चढवताना घर्षणात वाया जाणारा दाब एक तृतीयांशावर किंवा त्याहूनही खाली येतो. इमारतीची उंची अर्थातच कमी होत नाही. पण पंपघर एका टोकाला, टाकी दुसऱ्या टोकाला आणि मध्ये सात-आठ बेंड असतील, तर साडेसातऐवजी पाच हॉर्सपॉवरवर भागू शकते. मोटर थेट सुरू केली की क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. जनरेटर तो झटका पेलेल असा घ्यावा लागतो. म्हणजे पाइपमध्ये वाचवलेले पैसे जनरेटरमध्ये जातात, आणि दोन्ही ठराव एकमताने मंजूर! वरची टाकी मोठी असेल तर पाणी सावकाश चढवता येते. प्रवाह निम्मा केला की घर्षण चौथाईवर. मात्र हजार लिटर म्हणजे स्लॅबवर एक टन, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारूनच. (वरच्या मजल्यावरच्यांची हरकत येणारच, तो भाग वेगळा.)

तीन पाइप, तीन पंप, तीन जनरेटर म्हणजे सत्तावीस संच. बरेचसे पहिल्या नजरेतच बाद होतात. उरलेल्या तीन-चार संचांची किंमत दहा वर्षांच्या वीजबिलासकट सभेपुढे ठेवावी. परस्परांवर अवलंबून असलेल्या अशा निवडी एकत्र सोडवण्याची पद्धत इंजिनीअरिंग डिझाइनचे अभ्यासक प्रा. फारोख मिस्त्री यांनी मांडली आहे. सोसायटीला तेवढे गणित नको, दोन पानी तक्ता पुरे. सुरुवातीला आकडे कच्चे असतात, असू देत. अजून काहीच विकत घेतलेले नसते, म्हणूनच बदल करायला तेव्हा दमडीही लागत नाही.

आणि पुरवठादाराकडून पंपाचा कर्व्ह, म्हणजे किती उंचीवर किती पाणी चढते त्याचा आलेख, मागून घ्यावा. जो देणार नाही, त्याचे कोटेशन फाइलला लावूच नये.

— एक निवृत्त डिझाइन इंजिनीअर, नेरुळ, नवी मुंबई