डोस छापता, त्यामागचे कारणही छापा

मा. संपादक,
स. न.

आपल्या शेतीच्या पानावर द्राक्षाचे वेळापत्रक नेमाने येते. जीए (जिबरेलिन, वाढीचे संप्रेरक) किती पीपीएम, सीसीसी (वाढ रोखणारे औषध) कधी, शेंडा कधी मारायचा. मी ते कात्रण शेडमध्ये लावून ठेवते. पण हे सगळे का करायचे, ते त्यात कधीच नसते.

गेल्या वर्षी खरड छाटणीनंतर (एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी करतो ती) मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, आभाळ हटेना. बागेला जोम जबरदस्त होता. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीची) मात्र फुटींवर घडांच्या जागी बाळ्याच (वेल आधाराला गुंडाळते ते तंतू) जास्त. जे घड दिसले तेही गोळी घड, म्हणजे गोळीएवढे अर्धवट राहिलेले, चार दिवसांत जिरले. सल्ला विचारायला गेले तर आणखी एक बाटली हातात मिळाली.

खरे उत्तर वेलीच्या आत आहे. घड आणि बाळी एकाच प्रकारच्या कोंबातून तयार होतात. त्याचे पुढे काय व्हायचे हे खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे पुढच्या फुटीच्या कळीत ठरते. जिबरेलिन जास्त असेल तर बाळी, सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर असेल तर घड. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी पिनो म्युनिए या जातीच्या पेशींपासून एक बुटकी वेल वाढवली. तिच्या एकाच जनुकात बारीकसा बदल होता, त्यामुळे जिबरेलिनचा निरोप तिला पोचतच नव्हता. त्या वेलीवर बाळीच्या जागी घड लागले! एका जनुकाने एवढा फरक पडतो, हे द्राक्ष पिकवणाऱ्या किती जणांना माहीत आहे?

हे जनुक 'डेला' नावाचे प्रथिन बनवते. ते वाढीला लगाम घालते. जिबरेलिन आले की ते मोडते आणि वाढ सुटते. पण जिबरेलिन बनवणारी जनुके चालू ठेवण्यातही याच प्रथिनाचा हात असतो. म्हणून बाहेरून जीए दिले की झाड स्वतःचे जिबरेलिन कमी बनवते. थॉमसन या बिनबियांच्या जातीच्या मण्यात बी अर्धवट राहते, बियांकडून मिळणारे जिबरेलिन पुरत नाही, म्हणून मणी ज्वारीएवढा झाल्यावर आपण घड जीएत बुडवतो. तिथे ते हवेच. मे महिन्यात मात्र जोम आणि त्यासोबत जिबरेलिन वाढवणारे पाणी आणि नत्र आपणच घडाच्या मुळावर घालतो.

सीसीसी जिबरेलिनची निर्मिती अगदी सुरुवातीलाच अडवते. ते कळले असते तर शेंडा मारून, पाणी तोडून भागते तिथे लोकांनी हात आखडता घेतला असता. २०१० मध्ये सीसीसीच्या अंशापायी युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हाची धास्ती अजून आठवते.

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात हे जाणणारी माणसे आहेत. त्यांच्याकडून साध्या मराठीत लिहवून घ्या आणि एप्रिलच्या खरड छाटणीआधी छापा. जूनमध्ये आले तर त्या हंगामापुरता काही उपयोग नाही.

आपली विश्वासू,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली