एका ‘एमपी निगेटिव्ह’वर मलेरिया वगळू नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस ताप न उतरलेल्या रुग्णांच्या फायलीत ‘एमपी निगेटिव्ह’, म्हणजे रक्तात मलेरियाचा परजीवी (एमपी) सापडला नाही, असा एक रिपोर्ट हमखास असतो. तेवढ्यावर मलेरियाचा विचार सोडून दिला जातो, विडाल टेस्टच्या जोरावर टायफॉइडची औषधे सुरू होतात आणि ताप तसाच राहतो. हे थांबायला हवे.

बहुतेक वेळा घोळ काचपट्टीतच असतो. सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) केलेल्या पातळ स्मिअरवरच, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरावरच, मलेरिया शोधला जातो. परजीवीची जात त्यावर चांगली ओळखता येते, पण परजीवी थोडे असतील तर ते जाड स्मिअरमध्येच सापडतात, कारण तिथे एका दृष्टिक्षेत्रात कितीतरी पट जास्त रक्त नजरेखालून जाते. जाड स्मिअरसाठी रक्ताचा थेंब साधारण एक सेंटिमीटर रुंद पसरावा. पट्टी छापील कागदावर धरली तर खालची अक्षरे जेमतेम वाचता यावीत. तो पूर्ण वाळू द्यावा आणि त्याला मिथेनॉलचा स्पर्शही होऊ नये. मिथेनॉल लागले की तांबड्या पेशी पक्क्या होतात, रंगवताना फुटत नाहीत आणि त्यांच्या गर्दीत परजीवी दिसत नाही. एकाच पट्टीवर दोन्ही स्मिअर असतील तर पातळ भाग मिथेनॉलमध्ये बुडवताना नेमके हेच होते. स्मिअर रंगवण्याच्या गिम्सा या रंगासाठी पाण्याचा पीएच ७.२ हवा. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतले रक्त असेल तर तासाभरात स्मिअर करावे. नळी दुपारपर्यंत पडून राहिली की परजीवींचा आकार बिघडतो. आणि सूक्ष्मदर्शकाच्या १०० एक्स लेन्सखाली जाड स्मिअरची किमान १०० क्षेत्रे पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहू नये. याला वेळ लागतो, आणि गर्दीच्या दिवसांत काटछाट होते ती इथेच.

रक्ताच्या थेंबावर झटपट निकाल देणारे रॅपिड कार्ड सोयीचे आहे, पण एका मायक्रोलिटरमध्ये २०० पेक्षा कमी परजीवी असतील तर ते चुकू शकते. फाल्सिपेरम या जातीच्या काही परजीवींमध्ये कार्ड शोधते ते एचआरपी-२ प्रथिनच नसते. उलट, उपचारानंतरही हे प्रथिन काही आठवडे रक्तात राहते, म्हणून नुकताच मलेरिया होऊन गेलेल्याचे कार्ड पॉझिटिव्ह आले तर आधी स्मिअर पाहावे.

तिसरी गोष्ट सहसा कुणी विचारतच नाही: रक्त देण्याआधी कोणती गोळी घेतली? मुंबईत पाणी तुंबल्यावर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिससाठी) दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन मलेरियाच्या परजीवीलाही रोखते. ॲझिथ्रोमायसिनचाही थोडाफार परिणाम होतो. परजीवी दबतात, संपत नाहीत. शिवाय फाल्सिपेरमचे वाढ झालेले परजीवी अवयवांतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, त्यामुळे बोटातून घेतलेल्या रक्तात ते काही तास कमी दिसू शकतात. म्हणून संशय असेल तर १२ ते २४ तासांच्या अंतराने तीनदा स्मिअर करावे. हुडहुडी भरण्याची वाट पाहू नये, आणि ताप ‘एक दिवसाआड’ येत नाही म्हणून मलेरिया नाही, असेही समजू नये.

प्लेटलेट्स कमी दिसल्या की सगळ्यांना डेंग्यू आठवतो. मलेरियातही त्या घसरतात. पांथरी वाढली असेल तर संशय आणखी पक्का. प्रवासाबद्दल विचारताना गेल्या पंधरवड्यावर थांबू नये. गडचिरोली, ओडिशा किंवा आफ्रिकेतून परतून काही महिने झाले असले, तरी यकृतात दडलेला व्हायवॅक्स (मलेरियाच्या परजीवीची आणखी एक जात) पुन्हा डोके वर काढतो. मागे व्हायवॅक्स झाला होता का आणि यकृतातले परजीवी मारणाऱ्या प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स पुरा केला का, हेही विचारावे. ताप उतरला की गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात. हे औषध देण्याआधी जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारे एन्झाइम) तपासणे चांगले. गर्भवतींना ते देत नाहीत.

प्रयोगशाळांना विनंती, की रिपोर्टवर स्मिअर जाड की पातळ, किती क्षेत्रे पाहिली आणि परजीवीची जात कोणती, हे लिहावे. नातेवाइकांनीही ते मागून घ्यावे. मात्र रुग्ण बरळत असेल, झटके येत असतील, डोळे पिवळे झाले असतील किंवा लघवी काळपट होत असेल, तर तिसऱ्या स्मिअरसाठी घरी थांबू नये. त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

आपला विश्वासू,
पॅथॉलॉजी क्षेत्रातील एक वाचक