पापलेटच्या वाट्याला पट्टी लावून बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नारळी पौर्णिमा झाली आणि बाजारात ताजं पापलेट दिसू लागलं. गेल्या रविवारी आमच्या मंडईत पाचशेला सहा असा वाटा लावला होता. स्वस्त वाटला म्हणून घेतला. घरी ओट्यावर धुताना मुलाच्या कंपासपेटीतली सहा इंची पट्टी एकेका माशाला लावली. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकही मासा बारा सेंटीमीटरच्या पुढे गेला नाही. पोट साफ करताना गाभोळीचा, म्हणजे माशाच्या अंड्यांचा, मागमूस नव्हता आणि काटा इतका कोवळा, की सुरीला जाणवलाही नाही. ती सहाही पिल्लं होती. त्या जेवणात मला चव लागली नाही.

राज्य सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये पापलेटला 'राज्य मासा' जाहीर केलं. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबीही ठरवून दिली. पापलेटला 135 मिलिमीटर, बोंबलाला 180, सुरमईला 370. त्याहून लहान मासा धरू नये, विकू नये. म्हणजे माझ्या घरी आलेला अख्खा वाटा नियमाबाहेरचा होता. शिवाय 135 ही अगदी खालची रेघ आहे. मादी पहिल्यांदा गाभोळी धरते तेव्हा ती याहून बरीच मोठी झालेली असते.

1 जून ते 31 जुलै बोटी बंद असतात त्या माशांना वीण घालता यावी म्हणून. पण त्या विणीची पिल्लं हाताएवढी व्हायच्या आत बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यात सापडली, तर दोन महिने घरी बसलेल्या कोळ्याच्या पदरी काय पडलं? पालघर जिल्ह्यातल्या सातपाटी या मच्छीमार गावाचं नाव महाराष्ट्रात पापलेटमुळे झालं. तिथले मच्छीमार पिल्लं धरू नका म्हणून किती वर्षं सांगत आहेत. आपलं पोट कशावर चालतं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

जाळी, ट्रॉलर, सरकारी तपासणी यांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते बोलायलाच हवं. पण मला बोलायचं आहे ते घेणाऱ्यांबद्दल. नेहमीच्या कोळीण मावशींना मी विचारलं, एवढाले मासे का आणता? त्या म्हणाल्या, "ताई, मोठा आणला तर दुपारपर्यंत टोपलीतच राहतो. गिऱ्हाईक वाट्यालाच हात घालतं." खरं आहे. पाहुणे आले की प्रत्येकाच्या ताटात एकेक अख्खं पापलेट दिसलं पाहिजे, हा आपला हट्ट. हॉटेलांचं तर गणितच त्यावर चालतं. थाळीत मावेल आणि थाळीच्या भावात बसेल असा अख्खा मासा त्यांना लागतो, आणि तो पिल्लाएवढाच असतो. मोठ्या पापलेटच्या तुकड्या केल्या तर त्यात कमीपणा कसला? महिन्यातून चारदा खाण्याऐवजी एकदा खावं, पण पुरतं वाढलेलं खावं. इतर दिवशी चांगला भरलेला बांगडा आहेच, आणि त्याचं तिखलं कोणत्याही पापलेटला हार जाणारं नाही.

मावशींना दोष द्यायला माझं मन धजत नाही. पहाटे लिलावात जो माल येतो, त्यातूनच त्यांना टोपली भरावी लागते. तपासणी व्हायची तर ती बंदरावर, लिलावाच्या जागी आणि हॉटेलांच्या खरेदीत व्हावी.

मत्स्यव्यवसाय विभागाला आणि पालिकांना माझी विनंती आहे की प्रत्येक मासळी बाजारात, विक्रीच्या ओट्याशेजारी, लांबीच्या खुणा रंगवून घ्याव्यात. पापलेट इथपर्यंत, बोंबील इथपर्यंत, सुरमई इथपर्यंत. त्याला खर्च तो किती? गिऱ्हाईकाला मासा लावून बघता येईल आणि विकणारीलाही व्यापाऱ्यासमोर बोट दाखवायला जागा मिळेल.

आणि आपल्यालाही एक विनंती. या 54 जातींचा तक्ता, कोळीवाड्यात जी नावं चालतात त्या नावांनी, रविवारच्या अंकात छापावा. सरकारी कागदावरची शास्त्रीय नावं बाजारात कोणाच्या उपयोगाची नाहीत. तक्ता आला की कापून आणते असं मी मावशींना सांगितलं आहे. टोपलीच्या झाकणाला आतून चिकटवीन म्हणाल्या.

आपली नियमित वाचक,
मुलुंड